मानधन नको, पगार टाका

पगार चुकवायचा असला की व्यवस्था मान देते. त्यालाच मानधन म्हणतात.

गावकीत आमच्या आया सुईणपण करायच्या. नाळ कापली, पसाभर जोंधळं पदरात, वर विटाळ. १९२८ साली बाबासाहेबांनी महार वतनाविरुद्ध मुंबई कायदेमंडळात बिल आणलं. कामाचं मोल ठरलेलं पाहिजे, दयेचं नको.

मग १९७७ साली सरकारनं हजार माणसांमागं एक आरोग्य रक्षक नेमला. तीन महिने शिकवलं, महिना ५० रुपये टेकवले. २००५ साली आशा आणली. पहिलं शिक्षण २३ दिवसांचं. ती नोकर नाही म्हणे, स्वयंसेविका! नगावर मोबदला. हे नवं वतनच.

२०१७ च्या धोरणात लिवलं, २०२५ पर्यंत देशाच्या उत्पन्नाचे अडीच टक्के आरोग्यावर घालू. साल गेलं. अडीच टक्के कुठायत?

शिकवायचं तर पुरतं शिकवा. नर्सिंगला जागा द्या, शिकताना भत्ता द्या. पोट मारून कोण शिकणार?

आणि आपण? १४ एप्रिलला आशाताईला स्टेजवर शाल घालतो. तेही मानधनच. शाल घडी करून ठेवा. तिच्या मोर्चात उतरा.