गंधार कोणी लावायचा?

'ग्रीन डे' ह्या अमेरिकी पंक रॉक बॅण्डचा 'सेव्हिअर्स' हा अल्बम १९ जानेवारी २०२४ रोजी आला, आणि त्याविषयी बोलणाऱ्यांच्या दोन टोळ्या पडायला फार वेळ लागला नाही. पहिल्या टोळीचा निकाल असा की, ही मंडळी १९९४ सालीच विकली गेली, आता त्यांनी काय केले ह्याला महत्त्व नाही. दुसरीचा निकाल असा की, मंडळी पुन्हा 'फॉर्मात' आली, आता चिंता नाही. दोन्ही निकालांत एक सोय आहे: ते देण्यासाठी अल्बम ऐकावा लागत नाही. आमचे भांडण ह्या दोघांशी आहे. तिसरे भांडण मात्र घरचेच आहे. साहित्याच्या वर्गांत वाढलेले आपण लोक गाण्याचे शब्द कागदावर उतरवून घेतो, त्यांत प्रतिमा शोधतो, आणि त्या न सापडल्यास 'घोषणाबाजी' असा शेरा मारून मोकळे होतो. चाल म्हणजे आपल्या लेखी मिठाईवरचा वर्ख. आमचे म्हणणे असे की, पंकचा वेग आणि खरखर राखूनही सहज गुणगुणता येईल अशी चाल बांधणारा जो 'मेलडिक पंक' नावाचा प्रकार आहे, त्यात चाल हाच युक्तिवाद असतो. तो न ऐकता दिलेला निकाल एकतर्फी समजावा.

पहिल्या टोळीपासून आरंभ करू. तिच्या रागाला इतिहास आहे आणि तो आदराने सांगण्याजोगा आहे. कॅलिफोर्नियातील बर्कली शहरात ९२४ गिलमन स्ट्रीट ह्या पत्त्यावर १९८६ च्या अखेरच्या दिवशी एक जागा सुरू झाली. 'मॅक्सिमम रॉकनरोल' ह्या पंक नियतकालिकाच्या मंडळींचा तिच्या उभारणीत मोठा हात होता. दारू नाही, मारामारी नाही, वंशद्वेष आणि स्त्रीद्वेष चालणार नाही, सगळे काम स्वयंसेवकांनी करायचे, आणि बड्या रेकॉर्ड कंपनीशी करार केलेल्या बॅण्डला मंच मिळणार नाही, असे तिचे नियम. 'ग्रीन डे' ह्याच जागेत वाढला. त्याचे पहिले दोन अल्बम 'लुकआउट' ह्या स्थानिक, छोट्या कंपनीने काढले. मग त्याने 'रिप्रीझ' ह्या वॉर्नर समूहातील कंपनीशी करार केला, १ फेब्रुवारी १९९४ रोजी 'डूकी' आला, एकट्या अमेरिकेत त्याच्या एक कोटीहून अधिक प्रती खपल्या, आणि गिलमनचे दार बंद झाले. ते पुन्हा उघडायला २०१५ साल उजाडले. गोदामाला लागलेल्या आगीत नुकसान सोसणाऱ्या एका प्रकाशनसंस्थेच्या मदतीसाठी झालेल्या कार्यक्रमात हा बॅण्ड तिथे वाजवून गेला.

गिलमनचा नियम आम्हांला मान्य आहे. तो अर्थकारणाविषयीचा नियम होता: आपल्या जागेतले श्रम बड्या कंपनीच्या पदरात पडू नयेत. पण त्याचे भाषांतर करताना पहिल्या टोळीने एक हातचलाखी केली. 'करार केला म्हणून बाहेर' ह्या वाक्याचे तिने 'गोड गातात म्हणून बाहेर' असे वाक्य केले. कराराचा दोष चालीवर ढकलला. तेव्हापासून कर्कशता म्हणजे सचोटी आणि गोडवा म्हणजे तडजोड असे एक समीकरण समीक्षेत ठाण मांडून बसले आहे.

ह्या समीकरणाला इतिहासात आधार नाही. १९७६ साली आलेल्या 'रमोन्स'च्या पहिल्याच अल्बममध्ये सुमारे २९ मिनिटांत १४ गाणी आहेत, आणि त्यांतले एक म्हणजे १९६२ सालच्या 'लेट्स डान्स' ह्या नाचाच्या लोकप्रिय गाण्याची नवी आवृत्ती. मँचेस्टरच्या 'बझकॉक्स'ने जानेवारी १९७७ मध्ये उसनवारी करून 'स्पायरल स्क्रॅच' ही तबकडी स्वतःच काढली. स्वतःच्या हिमतीवर तबकडी काढण्याचा जो बाणा पंकने पुढे मिरवला, त्याचा हा एक आरंभबिंदू. आणि हाच बॅण्ड पुढे पंकमधील सर्वांत सुरेल प्रेमगीतांसाठी ओळखला गेला. म्हणजे कंपनीला नकार देणारे आणि गोड गाणारे हे आरंभापासून एकाच घरात नांदत होते. चाल ही बाहेरून घुसलेली बाटगी पाहुणी आहे, हा समज कुळाचा इतिहास न पाहणाऱ्यांचा.

आता थोडे तांत्रिक. पंकमध्ये गिटारवर जो 'पॉवर कॉर्ड' वाजतो त्यात मूळ स्वर आणि त्याचा पाचवा, एवढेच स्वर असतात. आपल्या भाषेत षड्ज आणि पंचम. मधला गंधार गाळलेला असतो, कारण आवाज मुद्दाम फाटका करून वाजवणाऱ्या गिटारवर गंधार लावला की स्वरांची टक्कर होऊन नुसता गोंगाट उरतो. पण पाश्चात्त्य संगीतात प्रसन्नता आणि खिन्नता ह्यांतला भेद मुख्यतः गंधारावरच ठरतो: शुद्ध गंधार लागला तर 'मेजर', कोमल लागला तर 'मायनर'. म्हणजे गिटार एक मोठी, रागीट, परंतु भावनेच्या बाबतीत मुकी भिंत उभी करते. ह्या भिंतीवर हसायचे की रडायचे, हे बहुतांशी गाणारा ठरवतो. तंबोऱ्याच्या षड्ज-पंचमात रागाचा निर्णय नसतो, तो गायकाने करायचा असतो, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना हा मुद्दा अधिक समजावण्याची गरज नाही. चाल काढून घेतली तर उरलेल्या पंकला क्रोध असतो, पण क्रोधाचे कारण सांगता येत नाही.

ह्या नजरेने 'सेव्हिअर्स'कडे पाहावे. १५ गाणी, सुमारे ४६ मिनिटे. निर्माता रॉब कॅव्हालो, म्हणजे 'डूकी' आणि २००४ सालचा 'अमेरिकन इडियट' ज्याच्या हातून गेले तोच. 'डिलेमा' हे गाणे बिली जो आर्मस्ट्राँगच्या स्वतःच्या व्यसनाविषयी आहे. त्याने २०१२ साली ह्याच कारणासाठी उपचार घेतले, हे जाहीर आहे. त्याचे शब्द कागदावर वाचा: सरळ, जवळजवळ रोजनिशीतले. आपल्या वर्गात त्यांना पासापुरतेच गुण मिळतील. पण हे गाणे हळुवार, जवळजवळ एकट्या आवाजात सुरू होते, मग गिटारी कोसळतात, आणि धृपद येते ते हजारो माणसांनी एकत्र गावे असे. व्यसनी माणसाची लाज सामुदायिक गायनाच्या चालीत बांधलेली आहे. ही लाज एकट्याची राहू द्यायची नाही, असा निर्णय त्या चालीत आहे, शब्दांत तो कुठेच लिहिलेला नाही. ज्याने फक्त शब्द वाचले त्याच्या हाती कबुलीजबाब लागला, गाणे लागले नाही.

'बॉबी सॉक्स'चेही तेच. 'डूकी'वरील 'कमिंग क्लीन' ह्या दीड मिनिटाच्या गाण्यात आर्मस्ट्राँगने आपल्या उभयलिंगी आकर्षणाचा विषय प्रथम काढला होता, घाईने, दबक्या स्वरात. तीस वर्षांनी 'बॉबी सॉक्स'मध्ये तीच गोष्ट शाळकरी प्रेमगीताच्या प्रसन्न चालीवर, मैत्रीण होशील का आणि मित्र होशील का हे दोन्ही एकाच दमात विचारत येते. बंडखोरी कुठे आहे म्हणून शब्दांत शोधणाऱ्यांना ती दिसणार नाही. ती आहे त्या निःसंकोच शुद्ध गंधारात.

आपल्याकडे हे नवे असायला नको होते. अण्णा भाऊ साठे ह्यांनी संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यासाठी 'माझी मैना गावावर राहिली' रचली ती छक्कड म्हणून. विरहाचा, शृंगाराचा ठसा असलेला प्रकार त्यांनी राजकारणाला जुंपला. मुंबईत राबणाऱ्या माणसाला तो पाठ होता, ओठांवर होता, म्हणूनच त्यातून गेलेला राजकीय आशय गिरणगावात पोचला. आज आपण ती पुस्तकात वाचतो आणि चालीचा उल्लेखही न करता तिच्यातील 'सामाजिक जाणिवे'वर टिपणे लिहितो. शाहिरीवर अन्याय करण्याची सवय असलेल्या समीक्षेने पंकवरही तोच अन्याय केला तर नवल नाही, पण सवय म्हणजे पद्धत नव्हे.

दुसरी टोळी अधिक धोकादायक, कारण ती प्रेमाने मारते. 'फॉर्मात परतले' ह्या स्तुतीचा अर्थ एवढाच की, नवे काम जुन्या कामाची उत्तम नक्कल आहे. २०२० सालचा 'फादर ऑफ ऑल' हा २६ मिनिटांचा अल्बम अनेक चाहत्यांना रुचला नाही, त्यामुळे 'सेव्हिअर्स' आला तेव्हा सुटकेचा निःश्वास टाकण्याची घाई होती. त्याच वर्षी 'डूकी'ची तिशी आणि 'अमेरिकन इडियट'ची विशी एकाच दौऱ्यात, दोन्ही अल्बम अथपासून इतिपर्यंत वाजवून साजरी झाली. नव्या अल्बमचे नाव दौऱ्याला, गर्दी मात्र जुन्या दोघांना. जयंत्यांच्या ह्या मांडवात नव्या गाण्याला न्याय मिळत नाही आणि जुन्यालाही नाही, कारण जुने गाणे एकदा स्मारक झाले की त्याच्याशी भांडता येत नाही.

आणि भांडण्यासारखे 'सेव्हिअर्स'मध्ये पुष्कळ आहे. 'लिव्हिंग इन द ट्वेंटीज' आणि 'स्ट्रेंज डेज आर हिअर टू स्टे' ही गाणी काळाच्या विकृतींची यादी करतात: गोळीबार, नशेच्या गोळ्या, बिघडलेले जग. यादी खरी आहे, पण गाणारा यादीच्या बाहेर उभा आहे, वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या शेजाऱ्यासारखा. 'डूकी'वरील 'बास्केट केस'मध्ये असे नव्हते. तिथे भीतीचे झटके येणारा माणूस स्वतःचीच फिरकी घेत होता. 'सेव्हिअर्स' जिथे गाणाऱ्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतो, 'डिलेमा'मध्ये किंवा मुलांना उद्देशून लिहिलेल्या 'फादर टू अ सन'मध्ये, तिथे तो मोठा होतो. जिथे तो न्यायाधीशाच्या खुर्चीत बसतो तिथे चालही सवयीची होते. हा खरा दोष. तो दाखवायला ऐकावे लागते. 'विकले गेले' म्हणण्याने तो दिसत नाही आणि 'फॉर्मात आले' म्हणण्याने तो झाकला जातो.

कुणी म्हणेल, एवढी मोठी गर्दी गोळा करणाऱ्या गोड गाण्याने अखेर बदलते काय? मार्च २०२५ मध्ये हा बॅण्ड 'लोलापलूझा इंडिया' महोत्सवासाठी मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर येऊन गेला. महालक्ष्मी स्टेशनच्या एका अंगाला रेसकोर्स, दुसऱ्या अंगाला धोबीघाट. ज्या अल्बमचे पहिले गाणे 'द अमेरिकन ड्रीम इज किलिंग मी' अमेरिकेतील बेघरांविषयी बोलते, त्याचे कर्ते तिकीट काढून आलेल्यांसमोर अशा जागी उभे राहतात, ही विसंगती आम्हांला दिसते आणि ती टोचायला हवीच. परंतु दुसरी बाजूही नोंदवू. ३१ डिसेंबर २०२३ च्या रात्री अमेरिकी दूरचित्रवाणीवरील नववर्षाच्या घरगुती कार्यक्रमात आर्मस्ट्राँगने 'अमेरिकन इडियट'चे शब्द जरासे बदलून ट्रम्पच्या राजकारणाला त्यात गोवले, आणि दुसऱ्या दिवशी गदारोळ उठला. एक शब्द बदलल्याचे लाखो लोकांना तत्क्षणी कळले, कारण चाल वीस वर्षे त्यांच्या घरात राहत होती. अनोळखी, कर्कश गाण्यात कोणताही शब्द घाला, कुणाचे लक्ष जाणार आहे? चालीच्या लोकप्रियतेने विरोध बोथट होतो हे नेहमीचे मत ह्या एका रात्रीपुढे तरी टिकत नाही.

तेव्हा साहित्याच्या विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या शिक्षकांना आमचे सांगणे एवढेच: पंकविषयी लिहिताना करारपत्र जरूर वाचावे, शब्दही वाचावेत, पण त्यांवर निकाल देऊन उठू नये. गिटारीने षड्ज-पंचमाची भिंत उभी केल्यावर तिच्यावर गंधार कोणी लावला, कोणता लावला, आणि तो लावताना गाणाऱ्याने स्वतःला कुठे उभे केले, ह्याचे उत्तर ज्या लेखात नाही तो लेख अल्बमविषयी नाही. तो लिहिणाऱ्याच्या टोळीविषयी आहे.