पॉवर विकत घेण्याआधी बॉनेट उघडा

टर्बोची पोलो, बलेनो आरएस नाहीतर आय-ट्वेंटी एन लाइन घेतलेला आपल्याकडचा पोरगा एक दिवस नागपूर किंवा हैदराबाद गाठतो, गाडीचा कॉम्प्युटर रिमॅप करून घेतो आणि वीस-पंचवीस हॉर्सपॉवर चढली म्हणून खुशीत परततो. चढतेही, टर्बो इंजिनात ते खोटं नाही. पण कंपनीने दिलेली शंभर-एकशेवीस तरी तुमच्या गाडीत शिल्लक आहे का, हे आधी बघा.

आदिलाबादेत थंडीतल्या पहाटे पारा दहाच्या खाली उतरतो आणि मे महिन्यात ४४ गाठतो. ८ अंशांच्या हवेपेक्षा ४४ अंशांची हवा सुमारे ११ टक्के विरळ असते. त्यात टर्बो ती दाबतो आणि दाबलेली हवा आणखी तापते. भर उन्हाळ्यात पूर्ण बूस्टवर ती शंभर अंशांच्या पार जाते. तिला थंड करायचं काम इंटरकूलरचं. ते जमलं नाही की इंजिनात नॉकिंग सुरू होतं, म्हणजे इंधन अवेळी पेटतं; सेन्सरला ते कळतं, कॉम्प्युटर ठिणगी उशिरा टाकतो आणि ताकद घटते. दुपारी निर्मलच्या घाटात गाडी जड वाटते ती बहुधा यामुळेच.

पट्ट्यावर चालणाऱ्या सुपरचार्जरचंही गणित हेच. २००२ ते २००६ मधल्या मिनी कूपर एसवर लहान पुली बसवून सुपरचार्जर जास्त वेगाने फिरवायची युक्ती जगभरचे शौकीन करतात. बूस्ट वाढतो, उष्णताही वाढते. म्हणून जाणकार माणूस पुलीसोबत इंटरकूलरचाही विचार करतो.

आपलं खास दुखणं म्हणजे कापूस. हंगामात मार्केट यार्डाच्या आणि जिनिंगच्या रस्त्यांवर तंतू उडतात, ते रेडिएटर-इंटरकूलरच्या पात्यांत अडकतात, वर धूळ बसते आणि नमद्यासारखा थर तयार होतो. समोरून जाळी स्वच्छ दिसते, मळ आत असतो. तो आतून बाहेरच्या दिशेने, हलक्या हवेने किंवा पाण्याने काढा. वॉशिंग सेंटरच्या प्रेशरने पाती वाकतात, मग हवा जातच नाही. एअर फिल्टर कागदी असेल तर धुऊ नका, बदला. बॉनेटखाली उघडा गोल फिल्टर लावणं तर निव्वळ हौस: आवाज मोठा, आणि ओढली जाते ती इंजिनाची गरम हवा. टर्बोच्या नळ्यांचे क्लॅम्प आवळा, प्लग बघा. एवढ्यावरच बऱ्याच गाड्या पुन्हा धावू लागतात.

कायदाही ऐका, कारण हे ट्यूनर सहसा सांगत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल चालत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने, परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. वॉरंटी जाते ती वेगळीच, आणि विमा कंपनीला न कळवता केलेला बदल अपघातानंतर क्लेमच्या आड येतो. राज्याच्या सीमेवरच्या पेनगंगेच्या अलीकडे राहा की पलीकडे, कायदा एकच.

हे सगळं ऐकूनही करायचंच असेल, तर पैसे आधी टायर, ब्रेक आणि क्लचवर घाला. वाढलेला टॉर्क प्रथम क्लचच खातो. बूस्ट वाढवायचा तर ९५ ऑक्टेनच्या खाली पेट्रोल भरू नका. आणि रिमॅप डिसेंबरात करू नका. थंड हवेत मशीनवरचे आकडे छान दिसतात. तोच मॅप मे महिन्यात नॉकिंग करतो. एप्रिल-मेच्या दुपारी जा, हवेचं तापमान आणि नॉकिंगची नोंद असलेला कागद मागा. तो द्यायला ट्यूनर कां-कूं करू लागला, तर गाडी तशीच परत आणा.