पाटीवरचे मराठी अक्षर: उंची मिळाली, रूपाचे काय?

१/८
वाशी, नेरूळ वा बेलापूरच्या बाजारपेठांतील पाट्या पाहाव्यात. इंग्रजी नाव बहुधा खास घडवलेल्या ठसठशीत अक्षरांत असते. मराठी नाव मात्र संगणकात आयत्या सापडलेल्या अक्षरांत.

२/८
महाराष्ट्रात २०२२ च्या कायदादुरुस्तीने लहानमोठ्या सर्व दुकानांना देवनागरी मराठी पाटी बंधनकारक झाली; मराठी अक्षरे इतर लिपीपेक्षा लहान नसावीत, असेही ठरले. २५ सप्टेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पालनासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. अक्षराची उंची कायद्याने मोजता येते, रूप नाही.

३/८
ही दरी जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनमध्ये जाहिरातींसाठी जाडजूड खिळे ओतले जाऊ लागले. रोमन लिपीचे काम थोड्या खिळ्यांत भागे. देवनागरीला काना-मात्रा, जोडाक्षरे धरून शेकडो लागत. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने (१८६९) नाव मिळवले, ते ग्रंथांच्या सुबक टाइपामुळे.

४/८
मोठ्या अक्षरांची उणीव भरून काढली ती पाट्या रंगवणाऱ्यांनी आणि चित्रकारांनी. कमल शेडगे (निधन २०२०) यांनी नाटकांच्या शीर्षकांना त्या त्या नाटकाच्या प्रकृतीचे अक्षर दिले. मात्र असे अक्षर त्या शीर्षकापुरतेच राही. इतरांना ते कळफलकावर उमटवता येत नसे.

५/८
२०१५ च्या सुमारास 'एक टाइप' या मुंबईच्या संस्थेचा 'मोदक' हा फॉन्ट आला. सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांनी घडवलेले हे अक्षर नावाप्रमाणेच गुबगुबीत आहे. देवनागरी अक्षर जाड केले की त्याच्या पोटातील पोकळी बुजते, जोडाक्षरे गुदमरतात. 'मोदक'मध्ये या पोकळ्या बारीक चिरांएवढ्या उरतात आणि त्या चिरांमुळेच अक्षर ओळखू येते.

६/८
याच संस्थेचा 'बलू' अनेक भारतीय लिप्यांत आहे. गुजरातीत तो 'भाई', बंगालीत 'दा', गुरुमुखीत 'पाजी', तमिळमध्ये 'तंबी'. दोन्ही फॉन्ट मुक्त परवान्याचे असून व्यवसायासाठीही विनामूल्य आहेत. म्हणजेच खर्चाची सबब उरत नाही.

७/८
खेळकर अक्षर सर्वत्र शोभते असे नव्हे. 'मोदक' मिठाईच्या दुकानाला, बालपुस्तकाला, गणेशोत्सवाच्या कमानीला खुलतो. औषधाच्या वेष्टनावरील बारीक मजकुराला तो घातकच. दुकानदाराला सौंदर्याशी काय कर्तव्य, असा आक्षेप येईल. परंतु तोच दुकानदार इंग्रजी नावाच्या रूपासाठी पैसे मोजतो. उणीव दृष्टीची नाही, मराठीविषयीच्या आस्थेची आहे.

८/८
१९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने आखलेल्या नवी मुंबईला गिरगाव-दादरसारखा जुन्या पाट्यांचा वारसा नाही. तिची अक्षरपरंपरा आज घडते आहे. दंड चुकवण्यासाठी लावलेली पाटी आणि आवडीने घडवलेली पाटी यांतील फरक पादचाऱ्यालाही दुरून कळतो. पन्नास वर्षांनी या शहराचा इतिहास लिहिणाऱ्याला यांपैकी कोणत्या पाट्या सापडाव्यात, हे आजचे दुकानदार आणि आजचे तरुण चित्रकार ठरवत आहेत.