पंप विहिरीला विचारून घ्या

वाडीत सोलर पंप बसवायचा म्हटले की पहिला प्रश्न ठरलेला: सातबाऱ्यावर जमीन किती? योजनेचा हिशेब तिथूनच सुरू होतो. 'मागेल त्याला सौर कृषीपंप' योजनेत अडीच एकरांपर्यंत 3, पाच एकरांपर्यंत 5 आणि त्यापुढे साडेसात अश्वशक्ती असे कोष्टक आहे. सर्वसाधारण शेतकऱ्याने 10 टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने 5 टक्के. राज्यभरातून आलेले अर्ज हातावेगळे करायचे तर असे कोष्टक लागतेच, आणि रात्री-अपरात्री मोटर चालू करायला जाणाऱ्या शेतकऱ्याला दिवसा पाणी मिळते, हे मोठे काम आहे. पण रायगडच्या किनाऱ्यावरच्या श्रीवर्धनमधल्या वाडीत हेच कोष्टक डोळे मिटून लावले तर विहीर नासते. नासलेली विहीर कुठल्याही गॅरंटी कार्डावर बदलून मिळत नाही.

इथल्या कित्येक वाड्या गुंठ्यांत मोजायच्या. वीस गुंठ्यांची रोठा सुपारीची वाडी घ्या. पोफळी नऊ फुटांवर असतील तर सुमारे 275 झाडे बसतात. ठिबकवर भर उन्हाळ्यात एका पोफळीला दिवसाला 20 लिटर पुरतात. कडेच्या 25 माडांना 40 लिटरप्रमाणे धरा. सगळ्या वाडीची तहान साडेसहा हजार लिटर. मे महिन्यात विहिरीचे पाणी 6 मीटरवर, ठिबकच्या दाबाचे 10 मीटर, पाइप आणि फिल्टरमधले घर्षण 4 मीटर, अशी एकूण चढण 20 मीटर. हजार लिटर पाणी एक मीटर चढवायला 2.72 वॅट-तास लागतात, म्हणजे निव्वळ काम 355 वॅट-तासांचे. पंप, मोटर आणि कंट्रोलर मिळून कार्यक्षमता 35 टक्केच धरली तरी दिवसाला एक युनिट वीज पुरे. ढग, धूळ आणि खारा वारा यांची भरपूर सूट ठेवली तरी 500-600 वॅटची पॅनल झाली.

आता कोष्टकातला सर्वांत लहान पंप, 3 अश्वशक्तीचा. त्याला 3000 वॅटची पॅनल येतात. केंद्रीय मानकांप्रमाणे 20 मीटर चढणीला वॅटमागे दिवसाला 50 लिटरांच्या घरात पाणी मिळायला हवे, म्हणजे दीड लाख लिटर. ते मानक उत्तम उन्हाचे आहे, म्हणून लाखभरच धरू. वाडीला हवे साडेसहा हजार! तीन मीटर व्यासाच्या विहिरीत एक मीटर खोलीला सात हजार लिटर पाणी असते. भर दुपारी हा पंप ते अर्ध्या तासात उपसून टाकतो.

'पाणी संपले की ड्राय-रन संरक्षणाने पंप आपोआप बंद होतो, मग बिघडले काय?' असे फिटर विचारतात. बिघडते ते जमिनीखाली. किनाऱ्याच्या वाळूत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. समुद्रसपाटीच्या वर एक मीटर गोडे पाणी असेल तर त्याच्या जोरावर खाली सुमारे 40 मीटरांचा गोड्या पाण्याचा थर टिकतो. वरची पातळी जोराने खाली ओढली की खालून खारे पाणी चढू लागते आणि विहीर मचूळ होते. माड मचूळ पाणी बऱ्यापैकी सोसतो, पोफळ सोसत नाही. रहाटावर शिंपण होत असे तेव्हा बैलाच्या चालीने पाणी निघे आणि झरे ते भरून काढत. सोलर पंपाला तीच चाल जमते, कारण तो सहा-सात तास मंद चालू शकतो. तासाला हजार लिटर देणारा लहान पंप ऊन असेतो चालला की वाडी भिजते आणि विहिरीची पातळी फारशी हलत नाही.

म्हणून सर्वेक्षणाला जाताना टेप आणि पाण्याचा खारेपणा दाखवणारे ईसी (विद्युतवाहकता) मीटर बरोबर घ्या, आणि मोजमाप मे महिन्यातच करा. दिवाळीच्या सुमाराची भरलेली विहीर फसवते. असलेल्या मोटरने पातळी मीटरभर उतरवा, मोटर बंद करा आणि तासाभरात पाणी किती चढले ते वहीत लिहा. तीन मीटरच्या विहिरीत 30 सेंटिमीटर चढले तर झरे तासाला 2,100 लिटरांचे. पंपाचा दुपारचा प्रवाह त्या आकड्याच्या आत राहिला पाहिजे. ईसी उपशाच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा मोजा. उपशानंतर आकडा चढत असेल तर प्रवाह आणखी कमी ठेवा आणि टाकी बांधा.

पॅनल कुठे ठेवायची, हाही इथे सोपा प्रश्न नाही. वाडी म्हणजे सावली. एका पॅनलवर झाप आडवा आला तरी त्याच ओळीतल्या सगळ्यांची वीज घटते. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात माड-पोफळी आडव्या झाल्या आणि वाड्या उघड्या पडल्या. त्या मोकळ्या जागेत कोणी पॅनल उभी केली असतील, तर वादळानंतर लावलेली रोपे आता अंगाने वाढत आहेत आणि पॅनलवर सावली येणारच. मग पोफळ तोडायची की पॅनल हलवायची, हा वाद बागायतदारावर आणू नका. पॅनल घराच्या छपरावर किंवा खळ्याच्या कडेला घ्या आणि केबल लांब पडली तर जाड घ्या. दोन पॅनल असतील तर वादळाची सूचना येताच दोन माणसे पाना घेऊन अर्ध्या तासात ती घरात आणून ठेवतात. 3000 वॅटच्या ढाच्याचे तसे करता येत नाही. खाऱ्या हवेसाठी आयईसी 61701 ची क्षार-चाचणी झालेलीच पॅनल मागा, ढाचा हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड आणि बोल्ट स्टेनलेस घ्या. पाणी मचूळ असेल तर पंपाला 304 पेक्षा 316 प्रतीचे स्टील टिकते.

योजनेत पात्रतेपेक्षा लहान पंप मागता येतो, पण 3 अश्वशक्तीच्या खाली कोष्टकच संपते. केंद्राच्या मानकांत 1 आणि 2 अश्वशक्तीचे पंप आहेत. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाच्या किनारी तालुक्यांसाठी राज्याने ते कोष्टकात घ्यावेत आणि सातबाऱ्याबरोबर विहिरीच्या झऱ्याचा आकडाही अर्जात मागावा, अशी आमची मागणी आहे. कोकण कृषी विद्यापीठाचे सुपारी संशोधन केंद्र श्रीवर्धनातच आहे. वाड्यांच्या विहिरी मोजण्याचे काम त्याच्या देखरेखीखाली सुरू होऊ शकते.

ज्यांच्याकडे 3 अश्वशक्तीचा पंप आधीच बसला आहे, त्यांच्या विहिरीवर या महिन्यात एक फेरी मारा. पातळीचा सेन्सर तळाशी सोडलेला असेल तर तो वर घ्या: सकाळच्या पातळीखाली मीटरभर पाणी उतरले की पंप थांबला पाहिजे. कंट्रोलरमध्ये कमाल वेग कमी करायची सोय असेल, तर ठिबकच्या शेवटच्या नळीपर्यंत दाब पोचेल इतपतच तो ठेवा.