चोपन्न लिटरची म्हैस



गेल्या आठवड्यात आमचे साडू घरी आले. चहा झाला, पाऊसपाण्याच्या गोष्टी झाल्या आणि मग त्यांनी खिशातून एक घडी घातलेला कागद काढला. शहरातल्या एका क्लासची जाहिरात होती : पायथन शिका, फी पंचेचाळीस हजार. साडू म्हणाले, "पाहुणं, पोरगी बारावी झाली. म्हणती, हेच शिकायचं. दुभती म्हैस विकू का?"

मी म्हटलं, "म्हैस राहू द्या दावणीला. आधी माझं ऐका."

पायथन ही संगणकाला काम सांगायची भाषा. ती नेदरलँड्सच्या गिडो व्हॅन रॉसम यांनी १९८९ च्या नाताळच्या सुट्टीत लिहायला घेतली आणि १९९१ साली लोकांसमोर ठेवली. पायथन म्हणजे अजगर खरा, पण हे नाव त्यांनी एका विनोदी इंग्रजी मालिकेवरून घेतलं. मुख्य गोष्ट अशी, की ही भाषा फुकट मिळते. एकदा इंटरनेटवरून उतरवून घेतली की पुढं जोडणी नसली तरी चालते. नवाकोरा संगणकही लागत नाही. मात्र विंडोज ७ असलेल्या जुन्या यंत्रावर तिच्या नव्या आवृत्त्या बसत नाहीत, तेवढं बघून घ्यावं.

आता आमच्या घरची गोष्ट सांगतो. आमची पुतणी गेल्या पावसाळ्यात ही भाषा शिकायला बसली. पुस्तकातली उदाहरणं दोन दिवसांत कंटाळवाणी झाली. मी म्हटलं, "घरचा दुधाचा हिशोब कर की!" तिनं सकाळ, संध्याकाळ, एकूण अशी नावं देऊन चार ओळी लिहिल्या. पायथनमधले ठरलेले शब्द इंग्रजी आहेत, पण आपण द्यायची नावं मराठीत चालतात. सकाळचं दूध ५ लिटर आणि संध्याकाळचं ४ लिटर असं तिनं टाइप केलं. संगणकानं उत्तर दिलं : ५४.

पोरगी खूश, की यंत्र चाललं! वहिनी चुलीपुढून उठून आल्या, पडद्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, चोपन्न लिटर देणारी म्हैस असती तर मी इथं भाकरी थापत बसले असते का?"

झालं होतं असं, की आपण टाइप करून दिलेलं संगणक आधी नुसती अक्षरं म्हणून घेतो. ५ आणि ४ ही दोन अक्षरं त्यानं शेजारीशेजारी चिकटवली. ‘इंट’ हा शब्द वापरून अक्षरांचा आकडा करून घ्यावा लागतो, मग बेरीज ९ येते. साडेचार लिटरसारखा अपूर्णांक असेल तर ‘फ्लोट’ वापरायचं.

पुढं भावाचा गुणाकार आला आणि पैशांत भलतीच शेपटं दिसू लागली. ०.१ आणि ०.२ यांची बेरीज पायथनला विचारा. नुसतं ०.३ येत नाही, दशांशचिन्हापुढं सतराव्या जागी एक ४ लोंबत असतो. आपण एकाचे तीन भाग दशांशात लिहायला गेलो की ०.३३३ संपतच नाही ना? संगणक दोनच अंकांत मोजतो, त्याला ०.१ लिहिताना तीच अडचण येते. म्हणून पैशाचा हिशोब पूर्ण पैशांत ठेवावा आणि रुपये शेवटी करावेत. पुतणी हे कधी विसरणार नाही, कारण ती शेपटं तिच्या आईच्या दुधाच्या पैशांना लागली होती.

वाचकहो, मला सांगायचं ते एवढंच. शिकणाऱ्यानं आपल्याला पुरतं ठाऊक असलेल्या कामावर शिकावं. वहिनींना संगणक येत नाही, पण म्हैस ठाऊक आहे, म्हणून चूक सापडली. यंत्राला ५४ आणि ९ सारखेच.

"पण ह्याचा पुढं उपयोग काय?" साडूंनी विचारलं. उपयोग बराच आहे. संगणकावर चौकटी आणि बटणं असलेली खिडकी करायचं सामान, त्याला टिकिंटर म्हणतात, ते विंडोजवर पायथनबरोबरच येतं. हिशोब साठवायला एसक्यूलाइटची सोयही त्यातच असते. वेबसाइटसाठी जँगो नावाचं साधन आहे. ते अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, लॉरेन्स गावच्या वर्तमानपत्राच्या कचेरीत जन्मलं आणि २००५ पासून सगळ्यांना खुलं आहे. इन्स्टाग्रामची उभारणीही त्यावरच झाली. पण पडद्यावरचं पान सजवायला एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्ट वेगळं शिकावंच लागतं. एक भाषा आली म्हणजे नोकरी दारात उभी, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नये.

म्हणून साडूंना मी तीन महिन्यांचा वायदा घातला. पहिल्या महिन्यात पोरीनं दुधाचा रोजचा हिशोब लिहावा. दुसऱ्यात तो साठवून महिन्याची बेरीज काढावी आणि पेंडीचा खर्च वजा करावा. तिसऱ्यात त्याची खिडकी करावी, म्हणजे तिच्या आईलाही आकडे भरता येतील. मुंबईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ उपक्रमाचे धडे फुकट आहेत, ते बघावेत. एवढं करूनही गोडी टिकली तर क्लासचा विचार करावा. तिथंही आधी एकच विचारावं : पोरीनं लिहिलेलं वाचून तिच्या चुका कोण दाखवणार? त्याचं नीट उत्तर मिळालं तरच फी द्यावी.

साडूंनी कागद परत खिशात घातला. परवा त्यांच्या पोरीचा फोन आला. "काका, ‘इफ’च्या खालची ओळ आत सरकवली नाही म्हणून अडून बसलंय." मी म्हटलं, "वाफ्यातलं रोप बांधाच्या आत लावायचं असतं, बाई. चार जागा आत घे." पायथनमध्ये कुठली ओळ कुठल्या अटीखाली, हे त्या मोकळ्या जागेवरूनच ठरतं. तिनं ओळ सरकवली आणि काम पुढं चाललं.

म्हैस अजून दावणीलाच आहे. दूध नऊ लिटर.