तारलीचा भार सोयाबीनने उचलावा

मोठ्या माशाने लहान माशाला गिळावे, यास आपल्या राज्यशास्त्राने ‘मत्स्यन्याय’ म्हटले व ते अराजकाचे लक्षण मानले. आधुनिक मत्स्यशेतीत मात्र हाच न्याय कारखान्यांतून राजरोस चालतो आहे.

तारली व इतर स्वस्त मासळी शिजवून, दाबून, वाळवून तिची भुकटी केली जाते. हेच फिशमील. एक किलो भुकटीसाठी साधारणतः चार ते पाच किलो ताजी मासळी खर्ची पडते. ही भुकटी कोळंबीच्या खाद्यात जाते आणि २००९ मध्ये आपल्याकडे परवानगी मिळालेल्या व्हेनामी कोळंबीचा मोठा हिस्सा निर्यात होतो. गरिबाच्या ताटातील स्वस्त प्रथिने अशा रीतीने परदेशी ताटात पोहोचतात. केरळात २०१२ मध्ये सुमारे चार लाख टन तारली मिळाली. २०२१ मध्ये अवघी ३,२९७ टन. पुढे ती सावरू लागली. या घसरणीस बदलते सागरी हवामान बऱ्याच अंशी कारण होते, हे मान्य. परंतु निसर्ग प्रतिकूल असताना पिल्लेही ओरबाडून भुकटीच्या कारखान्यात धाडणे, हा कोणता शहाणपणा?

यास पर्याय आहे. रोहू, कटला हे आपले मासे पूर्वापार भाताच्या कोंड्यावर व भुईमुगाच्या पेंडीवर वाढत आले आहेत. मांसाहारी सामन माशाच्या बाबतीतही नॉर्वेने हे करून दाखविले. तेथील खाद्यात १९९० मध्ये सुमारे ९० टक्के घटक सागरी होते. २०२० मध्ये ते सुमारे २२ टक्क्यांवर आले. उरलेली जागा मुख्यतः वनस्पतिजन्य घटकांनी घेतली.

अर्थात, केवळ पेंड टाकून भागत नाही. सोयाबीनमध्ये मेथिओनिन हे अमिनो आम्ल कमी असते. ते वरून मिसळावे लागते. पचनास अडथळा आणणारे घटक उष्णतेने निकामी करावे लागतात, तर फायटेटमध्ये अडकलेले स्फुरद विकराच्या साह्याने मोकळे करावे लागते. ओमेगा-३ मेदाम्लांसाठी सागरी शैवालाचे तेल उपयोगी पडते. मात्र ते महाग आहे. जिताड्यासारख्या मांसाहारी माशाचे फिशमील एकदम बंद करता येणार नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

परंतु नॉर्वेला ब्राझीलमधून सोया आणावे लागते. आपल्याकडे ते लातूर, वाशीमच्या शेतात पिकते. शंभर किलो सोयाबीनमधून तेल काढल्यावर सुमारे ८० किलो पेंड उरते. तरीही २०२४-२५ च्या हंगामात ४,८९२ रुपये हमीभाव असताना अनेक बाजार समित्यांत सोयाबीन त्याहून कमी दराने विकले गेले. एकीकडे समुद्र रिता होतो, दुसरीकडे शेतकऱ्याचा माल मातीमोल होतो. या दोन दुखण्यांवर काही अंशी एकच औषध आहे.

यास्तव तीन गोष्टी व्हाव्यात. खाद्याच्या प्रत्येक पोत्यावर फिशमीलचे प्रमाण छापणे सक्तीचे व्हावे. ते टप्प्याटप्प्याने घटविण्याचे वेळापत्रक शासनाने आखावे. पेंडीवर प्रक्रिया करणारे उद्योग शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या हाती द्यावेत, म्हणजे नफा गावातच राहील. मत्स्यन्याय रोखणे हे राजाचे पहिले कर्तव्य मानले गेले आहे. आजच्या शासनानेही त्यातून सुटका मागू नये.