किंमत कानाला ऐकू येते का?



माझा भाचा नववीत आहे आणि तबला शिकतो. गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत तो एका मित्राबरोबर कोरेगाव पार्कमधील कोणाच्या तरी घरी गेला होता. तेथे माणसाएवढ्या उंचीचे दोन परदेशी स्पीकर होते. त्यांवर त्याने तबल्याची ध्वनिमुद्रिका ऐकली आणि हिरमुसला होऊन घरी आला.

"मामा, तिथे बायां असा घुमत होता, की जणू कोणी समोर बसून वाजवतंय. आपल्या स्पीकरवर बायां ऐकूच येत नाही. त्या जोडीच्या किमतीत एक फ्लॅट येईल म्हणे. म्हणजे आपल्याला खरं संगीत कधी ऐकायला मिळणारच नाही का रे?"

त्याचा प्रश्न मला लागला. संगीत ऐकण्याची पात्रता खिशावरून ठरते, असे चौदा वर्षांच्या मुलाला वाटू लागले तर ते बरे नव्हे. आणि खरे सांगायचे तर हा प्रश्न पैशाचा नाहीच. तो विज्ञानाचा आहे. तेव्हा तो विज्ञानाच्या रीतीनेच सोडवू या.

शंभर वर्षांचे यंत्र

दुसऱ्या दिवशी मी त्याला बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत घेऊन गेलो. तेथे एका छोट्या दुकानात एक कारागीर फाटलेल्या स्पीकरला नवा कोन बसवीत होता. आम्ही पाहत उभे राहिलो. स्पीकरच्या पोटात काय असते? मागे एक गोल चुंबक. चुंबकाच्या अरुंद फटीत तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे. वेटोळ्याला चिकटवलेला कागदाचा शंकू. तो सरळ रेषेत मागेपुढे व्हावा म्हणून मध्ये कापडाची पन्हळी चकती आणि कडेला मऊ किनार. बस्स! गाण्याबरहुकूम बदलणारा विद्युत्प्रवाह वेटोळ्यातून वाहू लागला, की चुंबकाच्या क्षेत्रात वेटोळे हलते, त्याबरोबर कागद हलतो, कागद हवेला ढकलतो आणि आपल्याला आवाज ऐकू येतो.

अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीत काम करणाऱ्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोघांनी या रचनेवरील आपला निबंध १९२५ मध्ये प्रसिद्ध केला. त्याला शंभर वर्षे झाली. तपकीर गल्लीतला स्पीकर घ्या किंवा कोरेगाव पार्कमधला घ्या, दोघांचे कूळ एकच!

मग बायां का ऐकू येत नव्हता? घरचा आमचा स्पीकर मोडक्या रेडिओतून काढलेला होता आणि खोक्यावाचून, उघडाच वाजत होता. शंकू पुढे सरकला की पुढची हवा दाबली जाते, पण त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. पुढची दाबलेली हवा कडेने वळसा घालून मागे जाते आणि दोन्ही परिणाम एकमेकांना मारून टाकतात. बारीक, उंच आवाजाची तरंगलांबी थोडी असते, म्हणून त्याला हा तोटा फारसा होत नाही. बायांचा नाद मात्र सेकंदाला शंभर कंपनांच्या आसपास असतो. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर धरला, तर त्याची तरंगलांबी भरते सुमारे ३.४ मीटर. एवढ्या लांब तरंगापुढे वीतभर स्पीकरची कड ती काय!

हा प्रयोग तुम्ही घरी करू शकाल. बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या रेडिओला एक उघडा स्पीकर जोडा. (विजेच्या मुख्य जोडणीवर चालणारे यंत्र उघडू नका.) आता जाड पुठ्ठ्याचा दोन फुटी चौरस घेऊन मध्ये स्पीकरच्या मापाचे भोक पाडा आणि स्पीकर त्यावर घट्ट बसवा. निवेदकाचा किनरा आवाज एकदम भरदार होईल. खर्च फक्त पुठ्ठ्याचा!

पुठ्ठ्याऐवजी बंद पेटी केली तर मागची हवा कोंडलीच जाते. अमेरिकेत एडगर व्हिलचर यांनी १९५४ मध्ये याच कोंडलेल्या हवेचा स्प्रिंगसारखा उपयोग करून घेतला आणि कपाटाएवढे स्पीकर पुस्तकांच्या फळीवर मावतील एवढे लहान केले. पुढे १९६१ मध्ये नेव्हिल थील आणि १९७० नंतर रिचर्ड स्मॉल या ऑस्ट्रेलियात काम करणाऱ्या दोन अभियंत्यांनी कोणत्या स्पीकरला केवढी पेटी हवी याची समीकरणेच मांडली. ती गुपित राहिली नाहीत. ज्याला गणित येते त्याला आज ती वापरता येतात.

किंमत का वाढते?

स्पीकरच्या किमती वाढण्याची काही कारणे अगदी रास्त आहेत. चुंबकाचेच पाहा. चांगल्या स्पीकरमध्ये पूर्वी ॲल्निको नावाच्या मिश्रधातूचे चुंबक असत. त्यात ॲल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट असतात. कोबाल्टचा मोठा साठा आफ्रिकेतील तेव्हाच्या झाईरमध्ये होता. १९७८ मध्ये त्या देशाच्या शाबा प्रांतात लढाई पेटली आणि कोबाल्टचे भाव अनेक पटींनी चढले. कारखानदारांनी ॲल्निको सोडून स्वस्त फेराइट चुंबक घेतले आणि त्यासाठी स्पीकरचे मागचे अंग नव्याने आखले. म्हणजे ही सुधारणा नव्हती, अडचणीतून काढलेली वाट होती! १९८० नंतरच्या दशकात निओडिमियमचे लहान पण जोरकस चुंबक आले. २०१० मध्ये चीनने दुर्मिळ मृदा धातूंच्या निर्यातीवर मर्यादा घातल्या आणि २०११ मध्ये त्यांचेही भाव कडाडले. दूरच्या खाणीत खुट्ट झाले, की पुण्यातल्या दुकानातील पाटी बदलते, ती अशी.

पण सगळी वाढ अशी समजावता येत नाही. एक हिशेब करून पाहू. इंग्लंडमधील बॉवर्स अँड विल्किन्स ही नामांकित कंपनी १९६६ पासून स्पीकर बनवते. तिच्या १९९८ मधील 'नॉटिलस ८०१' या स्पीकरची जोडी अमेरिकेत सुमारे ११,००० डॉलरला मिळत असे. २०२१ मधील '८०१ डी ४' च्या जोडीची तेथील किंमत होती ३५,००० डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे २६ लाख रुपये. वाहतूक आणि आयात कर वेगळाच. या २३ वर्षांत अमेरिकेतील सर्वसाधारण महागाई सुमारे १.६६ पट झाली. ११,००० ला १.६६ ने गुणले तर येतात सुमारे १८,३०० डॉलर. उरलेले १६,७०० डॉलर कशाचे?

कंपनी म्हणेल, रचनेतील बदलांचे. ते बदल खोटे नाहीत. मधल्या पट्टीच्या शंकूत केव्हलारच्या जागी नवे विणलेले द्रव्य आले, एका १५ इंची वूफरच्या जागी दोन १० इंची वूफर आले आणि उंच स्वरांच्या ट्वीटरचा घुमट ॲल्युमिनियमऐवजी कृत्रिम हिऱ्याचा झाला. कार्बनयुक्त वायूतून थरावर थर साचवून असा घुमट बनवतात. ही कमालीची कारागिरी आहे.

आता आपण विचारू, हिरा कशाला? कारण तो अतिशय कडक असतो. ॲल्युमिनियमचा घुमट सेकंदाला सुमारे ३० हजार कंपनांपाशी वेडावाकडा हलू लागतो, हिऱ्याचा सुमारे ७० हजारांपर्यंत टिकतो. पण माणसाच्या कानाची धाव २० हजारांपर्यंत, आणि वय वाढेल तशी ती कमी होत जाते. कुत्र्याला सुमारे ४५ हजारांपर्यंत ऐकू येते, पुष्कळशा वटवाघळांना एक लाखापर्यंत. तेव्हा या सुधारणेचा पुरा आनंद वटवाघूळच घेऊ शकेल! कडक घुमट २० हजारांच्या खालीही अधिक अचूक वागतो, असे कंपनीचे म्हणणे आहे आणि ते पदार्थविज्ञानाला धरून आहे. मात्र 'मोजता येणारा फरक' आणि 'ऐकू येणारा फरक' या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि 'तिप्पट किमतीचा फरक' ही तिसरी.

याही वरची पायरी आहे. अमेरिकेतील विल्सन ऑडिओ या कंपनीने २०१७ च्या सुमारास एक जोडी ६,८५,००० डॉलरला काढली. आपल्या रुपयांत साडेचार कोटींच्या घरात! येथे पोचल्यावर किंमत हाच त्या वस्तूचा एक गुण बनतो.

डोळे मिटून ऐका

मग ऐकू येणारा फरक ठरवायचा कसा? यावर चोख प्रयोग झाले आहेत. फ्लॉइड टूल यांनी कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत आणि पुढे शॉन ऑलिव्ह यांच्यासह अमेरिकेतील हार्मन कंपनीत वर्षानुवर्षे हेच काम केले. त्या दोघांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात ४० श्रोत्यांनी चार स्पीकरांना गुण दिले. एकदा स्पीकर पडद्याआड होते, एकदा समोर दिसत होते. दिसत असताना मोठ्या आणि भारी स्पीकरांना भरघोस गुण मिळाले, लहान आणि स्वस्त संच मागे पडला. पडदा ओढल्यावर हे अंतर बरेच मिटले. गंमत अशी, की स्पीकरची खोलीतील जागा बदलल्याने होणारा खरा फरक पडद्यामागून ऐकणाऱ्यांना जाणवत होता, डोळ्यांनी पाहणाऱ्यांना तो फारसा जाणवला नाही. हे श्रोते त्याच कंपनीत काम करणारे होते. डोळा कानावर कुरघोडी करतो, ती अशी.

सर्व स्पीकर सारखेच असतात असा याचा अर्थ मुळीच नाही. चांगले आणि वाईट यांत फरक असतोच आणि पडद्याआडही श्रोते तो ओळखतात. टूल यांना असे आढळले, की ज्याचा आवाज सर्व पट्ट्यांत समतोल आणि सर्व दिशांना सारखा पसरतो, तोच स्पीकर बहुतेकांना आवडतो. हा गुण मोजता येतो, आणि तो नेहमी किमतीबरोबर वाढतोच असे नाही.

शिवाय खोली! शहाबादी फरशी, चार उघड्या भिंती आणि काचेची खिडकी अशा खोलीत एक टाळी वाजवा. आवाज क्षणभर झणझणत राहील. तेथे लाखाचा स्पीकरही तसाच झणझणेल. एक सतरंजी, एक जाड पडदा आणि पुस्तकांचे कपाट ठेवा, आणि पुन्हा टाळी वाजवा.

कोणी म्हणेल, महाग वस्तू बनवणाऱ्यांमुळेच नवे शोध लागतात. त्यात तथ्य आहे. इंग्लंडमधील पीटर वॉकर यांनी १९५७ मध्ये क्वाड नावाचा स्थिरविद्युत स्पीकर विकायला आणला. त्यात शंकूच नव्हता. सच्छिद्र पट्ट्यांच्या मध्ये ताणलेला, उच्च विद्युत्दाबाने भारलेला पातळ पापुद्राच हलत असे. पुण्यातही 'केडन्स' या नावाने असे स्पीकर तयार झाले. मधल्या आणि उंच स्वरांसाठी पापुद्रा, खर्जासाठी नेहमीचा शंकू, अशी त्यांची मिश्र रचना होती, आणि परदेशी नियतकालिकांनी त्यांची परीक्षणे छापली. असे काम आपल्या गावात झाले याचा मला अभिमान वाटतो. नवी कल्पना, बारीक कारागिरी आणि थोडी संख्या यांमुळे वस्तू महाग होते, याबद्दल माझी तक्रार नाही. हौसेला मोल नसते, असे आपण म्हणतोच. ज्याला परवडते त्याने हौस जरूर करावी. माझी तक्रार एवढीच, की हौसेला विज्ञानाचे नाव देऊ नये. 'नवे द्रव्य, नवा आकार, नवी किंमत' एवढे सांगून भागणार नाही. किती फरक पडला याचे मोजमाप दाखवा आणि पडद्यामागून ऐकवा, असे गिऱ्हाइकाने म्हटले पाहिजे. तुम्ही उद्याचे गिऱ्हाईक आहात, आणि तुमच्यापैकी काही जण उद्याचे अभियंतेही असाल.

भाच्याचे काय झाले, ते सांगायचे राहिले. तपकीर गल्लीतून आम्ही आठ इंची स्पीकर आणला. समीकरणांवरून पेटीचे माप काढायला त्याला दोन दिवस लागले, कारण पहिल्यांदा त्याने लिटरचे घनसेंटिमीटर करताना एक शून्य गाळले होते. सुताराकडून प्लायवुड कापून आणले, सांधे सरसाने बुजवले, आत कापूस भरला. मग तीच ध्वनिमुद्रिका लावली. कोरेगाव पार्कमधल्यासारखा आवाज आला का? नाही. तितका खोल खर्ज आठ इंची शंकूला झेपत नाही आणि आवाज वाढवला की तो कुरकुरतो. पण बायां ऐकू आला, आणि डाव्या हाताचा तळवा पुडीवर घासत पुढे सरकतो तेव्हा चढत जाणारा घुमाराही ऐकू आला.

भाचा बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने ठेका पुन्हा पहिल्यापासून लावला आणि मांडीवर हाताने तो धरू लागला. आता दुसऱ्या कानासाठी दुसरी पेटी करायची, असे त्याने ठरवले आहे. या वेळी माप त्याचे तोच काढणार आहे.